अवो

पत्रिकेचा नमुना मोबाईलवर आला तेव्हा गाडीने पेण मागे टाकलं होतं. हेमालीने पुढच्या सीटवरून हात मागे केला आणि मोबाईल सासूच्या मांडीवर ठेवला. "आई, बघा कशी वाटते. गणपती जरा मोठा करायला सांगितलाय." सगुणाने पदराने चष्मा पुसला. चौथीपर्यंतची शाळा आणि नंतर जन्मभर हरिपाठाची पोथी, एवढंच तिचं वाचन. ओळीखाली बोट धरल्याशिवाय तिला अक्षर लागत नसे. सवयीने तिने बोट टेकवलं, तशी पत्रिका निसटली. गणपती वर उडाला, अक्षता, तोरण, मांडवाचा पत्ता असं काहीबाही काचेवरून पळायला लागलं. तिने घाबरून दोन बोटांनी ते धरून ठेवलं, तर अक्षरं फुगली. फुगता फुगता काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच शब्द उरला. श्रीमती. कोण बाई ही, असं तिच्या मनात आलं. नवरदेवाकडची कोणी आजी असेल, बिचारी. तिने शब्द हळूच बाजूला ढकलला, तसं मागून तिचंच नाव आत आलं. सगुणा दिनानाथ घरत. नात प्राप्ती हिच्या विवाहास आपण अगत्य यावे, म्हणून विनंती करणारी.

तिने मोबाईल परत दिला. "चांगली हाय," म्हणाली. बाहेर मिठागरांचे चौकोन संपून डोंगर सुरू झाला होता, पण तिला काही दिसलं नाही. परेशच्या लग्नाच्या पत्रिकेवर, प्राप्तीच्या बारशाला, गावच्या देवळाच्या पायरीवर देणगीदारांच्या संगमरवरात, सगळीकडे ती सौ. होती. ते अक्षर तिने कधी मिरवलं नव्हतं. डोक्यावरचा पदर जसा असतो तसं ते होतं. आहे म्हणून कळायचं नाही, सरकला की मात्र हात आपोआप वर जातो. तसा तिचा हात आता कपाळाकडे गेला. कुंकू जागच्या जागी होतं. बोटाला लाल लागलं, ते तिने पदराच्या आतल्या बाजूला पुसलं आणि आरशात बघितलं, तर आरशात परेशचे डोळे होते. ते तिच्याकडेच बघत होते आणि लगेच रस्त्यावर गेले. आईला कळतं. पोटचं पोर डोळे कधी चोरतं ते आईला पाळण्यापासून ठाऊक असतं.

"परेश," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तो छापनारा चुकलाय रं."

"कं चुकलाय?"

"माज्या नावाफुडं."

परेशने उगाच गिअर बदलला. हेमालीच हसून म्हणाली, "आई, हल्ली सगळ्यांनाच लिहितात तसं. मोठमोठ्या मॅडमना पण श्रीमतीच म्हणतात. ऑफिसात तर लग्न न झालेल्या मुलीला पण."

"मंग तुज्या नावाफुडं सौ. कशी?"

परेशने गाणी लावली आणि लगेच बंद केली. चार ट्रेलरचा मालक झालेला तिचा लेक, बंदरावरच्या भल्याभल्यांना शिव्या घालून गप्प करणारा, पण आईपुढे अजून त्याची मान खाली जायची. 'आये, नवी गाडी घेतलीय, तू बसलीस कुठे अजून? चल, किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धनपर्यंत फिरवून आनतो, लई भारी रस्ता झालाय,' असं तो आठवड्यापूर्वी म्हणाला तेव्हा श्रीवर्धन या नावावर तो किंचित अडखळला होता. तिलाही त्या गावाचं नाव नको होतं. पण पोर हौसेने बोलतंय तर मोडता कशाला घाला, म्हणून ती पिशवी भरून बसली. पौषात कोणी हौसेने बाहेर पडत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आगरदांड्याला गाडी बोटीत घातली. गाड्या, मोटारसायकली, एक जनावरांचा टेम्पो, सगळं पोटात घेऊन ती रुंद लोखंडी बोट खाडीत निघाली. हेमाली फोटो काढायला वरच्या मजल्यावर गेली. जाताना नवऱ्याकडे एक नजर टाकून गेली. परेशने चहा आणला, स्वतःचा प्यायलाच नाही, कागदी पेल्याची कड मोडत बसला. मग म्हणाला, "आये, भावकी बसलेली परवा. म्हाताऱ्यांचं म्हननं हाय, घरात देवक बसवायचं तं आधी बाबांचं कायतरी करायला पायजे. ज्याच्या गतीचा पत्त्या न्हाय त्याच्या घरात मंगलकार्य कसं करायचं, असं बोलतात." तिने खाडीच्या पाण्याकडे बघत विचारलं, "कायतरी म्हंजे कं?" तो म्हणाला की हरिहरेश्वरला एक गुरुजी आहेत, दर्भाचं माणूस करतात, नारळाचं डोकं ठेवतात, त्याला मंत्र देतात, अग्नी देतात, आणि मग सगळं रीतीप्रमाणे. उद्या सकाळची वेळ घेतली आहे. "पन तू न्हाय म्हनालीस ना आये, तं न्हाय. आईशपथ सांगतो. गाडी तिथूनच वळवीन. समुद्र बघू, शहाळी पिऊ, घरी जाऊ. भावकी गेली उडत."

"आनी लग्न?"

"लग्न होईल गो. लोक बोलतील, दुसरं कं?"

बोटीचं इंजिन पायाखालून थरथरत होतं, आणि ती थरथर सगुणाच्या गुडघ्यांतून वर येत होती. मग तिने विचारलं, "त्याला हात असतात?"

"कोनाला?"

"त्या दर्भाच्या मानसाला."

परेश तिच्याकडे बघत राहिला. "असतील," म्हणाला. "हातपाय सगलं करत असतील." आणि पेला चुरगळून तो पाण्यात टाकणार होता, पण आईसमोर टाकवेना, म्हणून खिशात कोंबला.

हाताचं ती का विचारते आहे, हे तिला सांगता आलं नसतं. ती नवऱ्याचा चेहरा आठवायला जायची तर हात आठवायचे. मिठागरात मीठ ओढून ओढून घट्टे पडलेले, पंजा फावड्यासारखा, आणि तोच पंजा मृदंगावर पडला की असा मऊ व्हायचा की जणू झोपलेल्या लेकराला थोपटतो आहे. सप्ताह कुठेही असो, जासईला असो, करंजाला असो, चांगदेवबुवांच्या कीर्तनाला मृदंग त्यांचाच. मृदंगाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक सगुणाच मळून द्यायची, घरच्या गव्हाची, चपातीहून जरा सैल. शेवटच्या दोन वर्षांत ती कणीक हातात घेऊन ते विचार करत बसायचे, हे कशाला दिलंय म्हणून. एकदा तोंडात घातली. परेशला नामा म्हणायचे. नामा त्यांचा धाकटा भाऊ, तो तर तरणाच वारला. 'नामा, जेवलास कं?' म्हणायचे, आणि परेश, चाळिशी ओलांडलेला बाप्या, 'जेवलो' म्हणायचा. एकदा भर दुपारी ओटीवर सगुणाला म्हणाले, 'बाय, तू कोनाची गो? तुजा मानूस वाट बघत आसेल, घरी जा.' ती आत जाऊन चुलीपुढे बसली होती. चूल नव्हती, गॅस होता, पण ती जिथे पूर्वी चूल होती तिथे जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, आता असंच, हळूहळू सगळं पुसत जाईल. पण कीर्तनाला बसवलं की माणूस पुरा व्हायचा. बुवांनी नुसती मान हलवली की पंजा पडलाच. चाल बदलली, लय वाढली, टाळकरी चुकले, पण हे कधी चुकले नाहीत. माणसाची सगळी घरं ओस पडली तरी देवाचं एक घर उजेडात राहतं म्हणतात, ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणूनच ती त्यांना नेत राहिली. सगळे म्हणत होते घरी ठेव, दाराला कडी लाव. कडी लावून ठेवायला तिला तिचा माणूस नको होता, पुरा हवा होता. म्हणून श्रीवर्धनकडच्या त्या सप्ताहालाही नेलं.

दिघीला उतरून गाडी दिवेआगरच्या वाड्यांतून निघाली. वादळाला इतकी वर्षं झाली तरी काही माड तसेच उभे होते, शेंडे नसलेले, नुसते खांब. मध्ये नव्या सुपाऱ्या लावलेल्या, कमरेएवढ्या. पुढे शेखाडीचा रस्ता आला आणि समुद्र एकदम गाडीच्या अंगाशी येऊन भिडला. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये ही एवढीशी डांबराची पट्टी. हेमाली 'वॉव, वॉव' करत होती. एका वळणावर गाडी थांबवून तिने सगुणाला कठड्यापाशी उभं केलं. "आई, हसा ना थोडं. मागे बघा कसला निळा आहे!" सगुणा हसली. सून वाईट नव्हती, मायेची होती. गेल्या दिवाळीत सासूच्या टाचांना रोज रात्री कोकमतेल चोळायची. पण तो निळा रंग सगुणाला बघवेना. एवढं उघडं, एवढं लख्ख, दडवायला काही नाही असं दाखवणारं पाणी, आणि पोटात काय काय घेऊन बसलेलं कोण जाणे. तिला वाटलं, इतकी वर्षं या समुद्राला कोणी विचारलं कसं नाही. वारा पदर ओढत होता. तिने तो दाताखाली धरला. फोटोत नंतर दिसलं की ती हसते आहे, पण दाताखाली पदर असल्यामुळे रडतेय असं वाटतं. हेमालीने तो फोटो खोडून टाकला.

श्रीवर्धन दुपारी आलं. परेशला एसटी स्टँड टाळायचा होता, पण मोबाईलमधल्या बाईने रस्ता सांगितला तो नेमका तिथूनच. "सॉरी आये," तो पुटपुटला. गाडी एका लाल बसच्या मागे अडकली आणि स्टँड खिडकीच्या काचेला चिकटून उभा राहिला. रंग नवा होता. बाकडी बदललेली. नळ तिथेच होता.

ती त्या बाकड्यावर मृदंग मांडीवर घेऊन बसली होती. काल्याचं कीर्तन आदल्या दिवशी झालेलं, प्रसादाच्या लाह्या पिशवीत, मंडळी पनवेलच्या गाडीची वाट बघत होती आणि बहुतेकजण चहाला गेले होते. ते उठले. "पानी पिऊन आलोच," म्हणाले. नळ समोर दिसत होता, दहा पावलांवर. ती "या," म्हणाली आणि बघत राहिली. मध्ये एक बस आली, थांबली, गेली. नळाजवळ एक बाई पोराचं तोंड धूत होती. सगुणा उठायला गेली, पण मांडीवर मृदंग. मृदंग जमिनीवर ठेवायचा नाही. ज्यावर हरीचं नाव वाजतं ते काय पान खाऊन थुंकलेल्या फरशीवर टेकवायचं? आणि बाकड्यावर ठेवला तर कोणाचा पाय लागेल. तेवढं ओझं दोन्ही हातांनी उराशी धरून ती पळाली, बाई माणूस, गुडघे तेव्हाही दुखरे. आणि हाक मारली. "अवो! अवो!"

अर्ध्या स्टँडाने वळून बघितलं. दाढीवाला, टोपीवाला, कोलीम मासळी विकून आलेला कोळी, पेपर वाचणारा मास्तर, सगळ्यांनी. ज्याच्या ज्याच्या घरी बायको होती तो तो वळला. एकजण हसून म्हणाला पण, "कोनाला गो मावशी? हिते सगलेच अवो!" लोक हसले. तिलाही त्या घाईत जरा हसू आलं, हे तिला नंतर कधी विसरता आलं नाही. मग कोणीतरी तिला चौकशीच्या खिडकीकडे नेलं. आतल्या माणसाने माईक ओढला, विचारलं, "नाव काय त्यांचं?" लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती, नाव तिने कधी घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला घ्यायची, पण उखाण्यातलं नाव वेगळं, ते दोन ओळींच्या पदराखाली झाकलेलं असतं, गमतीत म्हणून टाकायचं आणि लाजून खाली बसायचं. उघडं नाव, चारचौघांत, परक्या पुरुषापुढे, माईकवर? धनी घराबाहेर असताना नाव घेतलं की आयुष्य तुटतं, हे आईने तिला हळदीच्या अंगाने सांगितलेलं. ती म्हणाली, "आमचे मालक. परेशचे बाबा." आत बसलेला माणूसही बायकोवाला होता, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. भोंग्यातून आवाज आला, "परेशचे बाबा, परेशचे बाबा, कुठे असाल तिथून चौकशीपाशी या." दोनदा, तीनदा. तिला बरं वाटलं, एवढा मोठा आवाज, गावभर जाईल.

हाक कोणाला, तर परेश कोण हेच ज्याला ठाऊक नव्हतं त्याला.

परेश उरणहून गाडी काढून येईपर्यंत उन्हं कलली होती. त्याने बापाचं नाव पुकारायला लावलं, तोवर स्टँडातून कितीतरी गाड्या सुटल्या होत्या. मग पोलीस झाले, पत्रकं झाली, किनारा, खाडी, म्हसळा, माणगाव, देवळं, धर्मशाळा, इस्पितळं, सगळं झालं. नऊ वर्षं झाली. कोणी तिला बोल लावला नाही. भोंग्यावर काय पुकारलं गेलं याची कोणाला आठवणही नसेल. पण ती हरिपाठाला बसली की नेमकं तेच यायचं. कारण त्याच काल्याच्या कीर्तनात चांगदेवबुवा म्हणाले होते, "माउली हो, बाजारात 'अरे बाळा' म्हणून ओरडा, सतरा पोरं मागे बघतील. आईनं नाव घेतलं की एकच पोर धावत सुटतं. देवाचंही तसंच आहे. नाव घ्या, नाव!" आणि त्या 'नाव' वर यांचा पंजा असा पडला होता की मांडवाचे बांबू घुमले. बायकांत बसलेली सगुणा मान डोलवत होती, डोळे पुसत होती. देवाचं नाव तिने आयुष्यात किती लक्ष वेळा घेतलं असेल. देवाची कधी भीड वाटली नाही.

पुढची बस हलली. परेशने गाडी काढली. राहायची सोय एका वाडीत केली होती. अंगणभर सुपारी वाळत घातलेली, पाय कुठे ठेवायचा कळू नये इतकी. घरमालकिणीने सोलकढी आणून दिली, माळकरी आहेत म्हटल्यावर वेगळं जेवण मांडलं. दिवस उतरताना तिघं किनाऱ्यावर गेली. शाळेची सहल आलेली, घोडागाडीवाले, भेळवाले, पाण्यात उड्या मारणारी पोरं, नुसती जत्रा. परेश शहाळी आणायला गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. सगुणाने हेमालीचा हात धरला. "कुठं गेला गो?" हेमाली हसली, टाचा उंचावून तोंडाला हात लावून ओरडली, "परेश!"

लग्न करून आली तेव्हा हेमालीने पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली होती, त्या वेळी सगुणाच्या कानाला चटका बसला होता. महिनाभर तो बसत होता. मग सवय झाली. पण आज ती हाक वाळूवरून गेलेली तिने डोळ्यांनी बघितली. शेकडो माणसं. कोणी वळलं नाही. घोडेवाला नाही, मास्तर नाही, पोरं नाहीत. दूर शहाळ्यांच्या गाडीपाशी एकच मान वळली, हात वर झाला, आणि तिचा लेक दोन शहाळी सांभाळत हसत धावत यायला लागला. बस, एवढंच. एवढं सोपं होतं ते. सगुणा ओल्या वाळूवर खालीच बसली. हेमाली घाबरली, "आई, चक्कर आली का?" "न्हाय गो," ती म्हणाली, "पाय भरून आले." परेशने शहाळं तिच्या हातात दिलं. आतलं पाणी गोड होतं. ते घशाखाली उतरताना तिला वाटलं, गोड लागतंय मेलं, जिभेला काही म्हणजे काही लाज नाही.

सकाळी ती लवकर उठली, अंघोळ केली, कुंकू लावलं. परेश गाडी पुसत होता. त्याचा हात एकाच जागी फिरत होता. "आये, निघायचं कं?" शेवटी म्हणाला. म्हणजे कुठे, हे त्याने सांगितलं नाही; उजवीकडे हरिहरेश्वर होतं, डावीकडे घर. "मी आलेच जरा फिरून," सगुणा म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द ऐकून फाटकापाशी क्षणभर थबकली. मग वाडीच्या गल्लीतून, दगडी गडग्यांच्या मधून, वाटेत एका पोरीला रस्ता विचारून ती स्टँडावर गेली.

खिडकीला आता काच होती, खाली अर्धगोल भोक. आत तरणा माणूस, कपाळाला गंध. "कुठची गाडी, आजी?"

"गाडी नको. नाव पुकारायचं हाय."

"हरवलंय कोणी?"

"व्हय. हितंच होते. पानी प्यायला उठले."

"होतं असं गर्दीत. घाबरू नका, मिळतील. नाव सांगा."

तिने काचेवर हात टेकवला. मागे रांगेत दोघंतिघं उभे होते. अंगावरचं लुगडं कोणी हळूहळू फेडत आहे असं तिला वाटलं, कानाच्या पाळ्या तापल्या. आई आठवली, हळद आठवली, धवलारणीने मांडवात गाणं म्हणता म्हणता हेच नाव किती सहज घेतलं होतं तेही आठवलं. तेव्हा तिने मुंडावळ्यांच्या आडून पहिल्यांदा ते ऐकलं होतं आणि मनात एकदा म्हणून बघितलं होतं. नुसतं मनात.

"दिनानाथ," ती म्हणाली.

"जोरात बोला आजी, काच आहे मध्ये."

"दिनानाथ!"

आवाज तिचाच होता, पण तो तिला ओळखीचा वाटला नाही; कोवळा होता. मागचे लोक बघायला लागले. तिने पदर सावरला नाही. आतल्या माणसाने माईक ओढला, आणि भोंगा खरखरला. "दिनानाथ, दिनानाथ, जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपल्या घरची माणसं वाट बघत आहेत." ते नाव छपरावरून गेलं, नळावरून, उभ्या गाड्यांवरून, बाहेर भाजीवालीच्या पाट्यांवरून, माडांवरून पुढे समुद्राकडे गेलं. ती उभी राहिली. तिला ठाऊक होतं, ती वेडी नव्हती. तरी मान आपोआप नळाकडे वळली. नळाखालची फरशी ओली होती आणि कोणी नव्हतं.

"मला पुकारला काय हो?"

ती गर्रकन वळली. समोर एक म्हातारा धापा टाकत उभा होता; हातात कापडी पिशवी, सुपारी सोलून सोलून काळवंडलेली बोटं. तिने आधी बोटंच बघितली. मग चेहऱ्याकडे. बारीक, काटकुळा, दाढी वाढलेला, पार निराळा माणूस. "मी दिनानाथ," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भीतीने भरले होते. "घरून कोन आलाय? नातू तापानं निजलाय माझा. काय झाला काय त्याला?"

"न्हाय, न्हाय भाऊ," सगुणा म्हणाली. "दुसरे दिनानाथ. आमचे. तुमच्या घरी सगलं बरं आसेल." नाव दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा ते जड वाटलं नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. "अगो बाय, काळीज लक् करून गेला माझा. आता एवढ्या मोठ्यांदा कोन बोलवतो आपल्याला? मला वाटला, वरनंच बोलावना आला!" आणि तो बोळक्या तोंडाने हसला. हसताना सदऱ्याच्या गळ्यातून तुळशीची माळ दिसली. सगुणा वाकली. कीर्तन संपलं की मांडवात लहानथोर सगळे एकमेकांच्या पायाशी वाकतात, कोण कोणाचा हे विचारत नाहीत, तशी वाकली आणि त्याच्या धुळकट पायांना हात लावून तो डोक्याला लावला. म्हातारा गडबडला, पण माळकरी होता. तोही गुडघे धरत धरत वाकला आणि त्याने तिच्या पायांना बोटं लावली. "राम कृष्ण हरी, माय." त्या काळ्या, चिकट बोटांचा स्पर्श तिच्या पावलांवर राहिला. गेल्या नऊ वर्षांत कोणा पुरुषाने, लेक सोडून, तिला हात लावला नव्हता.

म्हसळ्याच्या गाडीने हॉर्न दिला. "माझी गाडी," म्हातारा म्हणाला. "बरा, येतो हां. तुमचे मिळतील. मानूस जाऊन जानार कुठे? एक हा रस्ता, नायतर दर्या." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, तो चपापला, पिशवी सावरत पळत सुटला आणि दाराचा दांडा धरून चढला. खिडकीतून त्याने हात हलवला. तिनेही हलवला. गाडी मागे आली, वळली, तिच्यासमोरून सावकाश गेली, धूळ बसेपर्यंत ती बघत राहिली. फाटकातून परेश धावत येत होता, पायात चपला नव्हत्या, भोंग्यावरचं बापाचं नाव वाडीपर्यंत गेलं असणार. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती, सहा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर असते तशी, की तिला त्याच्याकडे बघवेना.

"आजी," काचेमागच्या माणसाने भोकापाशी तोंड आणून विचारलं, "आले ना तुमचे? आत्ता दिसले होते पाया पडताना. कुठे आहेत?"

परेश तिच्या मागे येऊन थांबला. त्याचा श्वास तिच्या मानेवर लागत होता.

"गेले," सगुणा म्हणाली.

आतल्या माणसाने बरं म्हणून मान हलवली, माईक ओढला आणि बोरिवलीची गाडी पुकारली.